निवृत्ती जाहीर केली म्हणजे काम संपलं का?

'पुन्हा उभं राहणार नाही म्हटल्यावर ब्रिटिश खासदार नुसते दिवस काढतात' असं मत बऱ्याचदा ऐकू येतं, पण मला ते पटत नाही. मजूर पक्षाच्या खासदार राहिलेल्या हॅरिएट हरमन यांचंच बघा. 1982 साली लंडनमधल्या पेकहॅमच्या पोटनिवडणुकीत गरोदर असताना निवडून आल्या. 2021 च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, पुढची निवडणूक लढवणार नसल्याचं त्यांनी सांगितलं. आणि कारकिर्दीतलं बहुधा सर्वांत अवघड काम त्यानंतर वाट्याला आलं!

पंतप्रधान असताना बोरिस जॉन्सन यांनी करोनाकाळातल्या सरकारी पार्ट्यांबद्दल संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची दिशाभूल केली का, याची चौकशी करणाऱ्या विशेषाधिकार समितीच्या त्या अध्यक्ष झाल्या. सात सदस्य, त्यात चार जॉन्सन यांच्याच हुजूर पक्षाचे. तरीही जॉन्सन यांना दोषी ठरवणारा जून 2023 चा अहवाल एकमताने आला आणि सभागृहाने तो 354 विरुद्ध 7 मतांनी स्वीकारला. पुन्हा तिकीट मागायचं नसल्यामुळे असं काम निर्भयपणे करता येतं, असं मला मनापासून वाटतं.

शिवाय मतदारसंघाचं काम चालूच असतं. घराचा प्रश्न, गृहखात्यात अडकलेला व्हिसा घेऊन येणाऱ्या माणसाला खासदार निवृत्त होणार आहे की नाही याच्याशी काय देणंघेणं? आणि एक गोष्ट अशा चर्चेत राहूनच जाते: कार्यालयातले कर्मचारी खासदाराने स्वतः नेमलेले असतात, त्यामुळे तो पायउतार झाला की त्यांचीही नोकरी जाते. शेवटच्या महिन्यांत अर्धवट प्रकरणं मार्गी लावायची धडपड हीच माणसं करत असतात.