ताऊ प्रोटीन ४६ ऐवजी ६० वर दिसतंय, खराब झालं का?

संत्रीवाली: पीएचडीचं दुसरं वर्ष, नागपूर. मंगळवारी रिकॉम्बिनंट मानवी ताऊ (चेतापेशींमधलं प्रोटीन) आलं. ४४१ अमिनो आम्लांचं, ई. कोलाय जिवाणूत बनवलेलं, ट्युब्युलिन या दुसऱ्या प्रोटीनसोबतच्या प्रयोगासाठी. आलं म्हणजे काय, भर मे महिन्यात दुपारी कुरिअरवाला डबा गेटवरच्या वॉचमनकाकांकडे टाकून पसार. बाहेर ४५ डिग्री. मला कळलं पाच वाजता. थर्माकोलच्या डब्यात ड्राय आइसचा कणही नाही, नळीतलं पार वितळलेलं.

काल जेल चालवला, म्हणजे प्रोटीन वजनानुसार पट्ट्यांत वेगळं करून बघितलं. वजन ४६ किलोडाल्टनच्या आसपास हवं, पट्टी ६० च्या जरा वर. शंभराच्या पुढे आणखी एक फिकी पट्टी. नॅनोड्रॉपवर (किती प्रोटीन आहे ते प्रकाश शोषण्यावरून मोजणारं यंत्र) २८० नॅनोमीटरचं रीडिंग नसल्यातच जमा. सरांना अजून सांगितलं नाही. ग्रँटमधले शेवटचे पैसे होते हो.

जुना_लॅबवाला: ताई, आधी पाणी पी. ताऊ जेलवर ६०-६५ च्या मधातच दिसते. त्याले पक्की घडी नाही, भारित अमिनो आम्लं भरपूर, म्हणून रेंगाळत चालते. माझ्या पहिल्या जेलले मीपण असाच घाबरलो होतो.

अन् उन्हाचं म्हणशील तर शुद्ध करतानाच आम्ही जिवाणूंचा रस उकळत्या पाण्यात ठेवतो. बाकीची प्रोटीनं नासलेल्या दुधासारखी खाली बसतात, ताऊ वरच्या पाण्यात राहते. वॉचमनच्या टेबलाचं काय घेऊन बसली!

पिपेट_पुराण: इतकंही निर्धास्त राहू नका. उन्हाने नाही, पण नमुन्यात प्रोटिएज (प्रोटीन कापणारं एन्झाइम) राहिलं असेल तर असं मोकळं प्रोटीन चटकन कुरतडलं जातं. ६० च्या खाली बारीक पट्ट्यांची शिडी दिसते का, ते बघा.

वरची पट्टी बहुधा जोडी असेल. ताऊत सिस्टीन नावाची दोन अमिनो आम्लं असतात, दोन ताऊंमधली ती एकमेकांना धरतात. जेलवर घालताना मिसळायच्या लोडिंग बफरमध्ये ताजं डीटीटी (ही पकड सोडवणारं रसायन) होतं का? आणि २८० वर विसंबू नका. तो प्रकाश मुख्यतः ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन ही अमिनो आम्लं शोषतात; ताऊत ट्रिप्टोफॅन एकही नाही, टायरोसिन फक्त पाच, रीडिंग येणार कुठून? बीसीए करा, ती रंगावरून प्रोटीन मोजायची चाचणी.

जाता जाता, फॉस्फो-ताऊची (फॉस्फेट लागलेलं ताऊ ओळखणारी) अँटीबॉडी यावर लावू नका. ई. कोलाय फॉस्फेट लावत नाही, ब्लॉट (अँटीबॉडीने पट्टी ओळखायची चाचणी) कोराच निघेल.

संत्रीवाली: डीटीटी उन्हाळ्याच्या सुट्टीआधीचं होतं. मागच्या उन्हाळ्याच्या. 🙈

आज ताजं करून पुन्हा चालवला. वरची पट्टी गायब. खाली ४० च्या जवळ एक पुसट रेघ आहे, पण शिडी नाही. बीसीएचा आकडा लेबलच्या जवळपास आला. दहा-दहा मायक्रोलिटरच्या नळ्या भरून उणे ८० मध्ये ठेवल्या, पुन्हा पुन्हा वितळवायला नको.

सरांना सांगायला गेले तर त्यांना वॉचमनकाकांकडून मंगळवारीच कळलं होतं. म्हणाले, तू कधी येतेस तेच बघत होतो.