१९६८ ची फियाट ११००डी : मूळ रूप जपावे की सोयीचे बदल करावेत?

विचारणा : धंतोलीकर

सर्वांना नमस्कार. नोकरीतून निवृत्त झाल्यावर वडिलांची १९६८ सालची फियाट ११००डी पुन्हा रस्त्यावर आणण्याचे मी मनावर घेतले आहे. गाडी नागपूरच्या धंतोलीतील घराच्या आवारात अनेक वर्षे ताडपत्रीखाली उभी आहे. नोंदणी माझ्या नावावर झालेली आहे, मात्र तिची मुदत केव्हाच संपली. इंजिन जाम आहे, पेट्रोलच्या टाकीला आतून गंज चढला आहे आणि चालकाच्या पायाखालचा पत्रा अंगठ्याने दाबला तरी खचतो. याउलट काचा, दारांच्या मुठी, पुढची जाळी आणि स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा हे सारे मूळचे व शाबूत आहे.

माझे वय सत्तरीकडे झुकले आहे. हिवाळ्यात पत्नीला आणि नातवंडांना घेऊन रामटेकला किंवा अदासाच्या गणपतीला या गाडीने जावे, एवढीच इच्छा आहे. ज्या गॅरेजमध्ये चौकशी केली तेथील कारागिरांनी मारुतीचे इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगऐवजी खाली फरशीवर, पुढे डिस्क ब्रेक, वातानुकूलन आणि चमकदार लाल रंग असा बेत सुचवला आहे. माझ्या मुलाचे म्हणणे असे की, गाडी पन्नाशी ओलांडलेली असल्याने ती जशीच्या तशी दुरुस्त करून व्हिंटेज नोंदणी घ्यावी. दोघांचेही म्हणणे मला पटते आणि म्हणूनच निर्णय होत नाही. ज्यांनी असे काम स्वतः केले आहे त्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद : सिव्हिल लाइन्सकर

काका, नमस्कार. इंजिन आणि रंग यांचा विचार करण्याआधी गाडी कशासाठी वापरायची हे ठरवावे लागेल, कारण कायदा तेथूनच सुरू होतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि चेसिस (खालचा सांगाडा), बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेले वाहन त्यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते. ज्या गाडीची नोंदणी आधीपासून आहे तिला जुना क्रमांक कायम ठेवता येतो आणि वडिलांच्या गाडीच्या बाबतीत याचे मोल मी आपल्याला सांगायला नको.

मात्र ज्या अटीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते ती पुढे आहे. व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. नियमित वापराला परवानगी नाही. नातवंडांना घेऊन रामटेकला जाणे या कारणांत बसत नाही. आपली खरी इच्छा तीच असेल, तर साध्या नोंदणीचे नूतनीकरण करून घेणे हाच आपला मार्ग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी परिवहन कार्यालयात गाडीची तपासणी होते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि नूतनीकरण पाच वर्षांसाठी मिळते. मुदत बराच काळ उलटली असल्याने विलंबाचे शुल्क किती होईल, याची चौकशी आधीच करून ठेवावी.

साध्या नोंदणीतही मारुतीच्या इंजिनाला मोकळे रान नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच अर्थाचा निर्णय दिला आहे. रंग बदलला तरी त्याची नोंद करून घ्यावी लागते. तेव्हा मूळ रंग शोधून तोच द्यावा. डिकीच्या आतल्या कोपऱ्यात किंवा डॅशबोर्डमागे तो बहुधा सापडतो. पत्र्याचे काम सुरू होण्यापूर्वी चेसिस क्रमांकाची पेन्सिलने छाप घ्यावी, छायाचित्रे काढावीत आणि त्या जागी ग्राइंडर लावू नये, असे कारागिरांना बजावून सांगावे. तो क्रमांक पुसट झाला तर तपासणीत गाडी अडकते.

प्रतिसाद : हिंगणा मार्गावरून

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. पत्र्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण पायाखालचा पत्रा खचतो हे आपल्या विचारणेतील सर्वांत गंभीर वाक्य आहे. फियाट ११०० ला वेगळी चेसिस नसते. फरशीचा पत्रा, दारांखालच्या पेट्या आणि छताचे खांब मिळून गाडीचा भार पेलतात. दाराखालची पेटी सडलेली असताना ती एकदम कापून काढली, तर बॉडी मधोमध वाकते आणि नंतर दारे कधीच नीट लागत नाहीत. म्हणून कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी नळ्यांचे आडवे-तिरपे टेकू वेल्ड करून घ्यावेत, गाडी सपाट जागी चारही बाजूंनी आधार देऊन ठेवावी आणि एका वेळी एकच बाजू हाती घ्यावी. सडक्या पत्र्यावर पत्रा चढवून वरून लांबी (पुट्टी) फासण्याची पद्धत सर्रास चालते. ती मान्य करू नये. सुदैवाने नागपूरची हवा समुद्रकाठासारखी खारी नसल्याने येथील गाड्यांचे खांब आणि छत सहसा चांगले निघते.

सुट्या भागांची चिंता कमी आहे. हेच १०८९ सीसीचे इंजिन पुढे प्रीमियर पद्मिनीत होते आणि पद्मिनीचे उत्पादन २००० सालाच्या आसपासपर्यंत चालू होते. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेल्या, त्यामुळे मागणी घटली आहे आणि दुकानदार जुना साठा फार काळ सांभाळणार नाहीत. पिस्टनच्या रिंगा, बेअरिंगे, गॅस्केट, पाण्याचा पंप आणि ब्रेकच्या किट आताच घेऊन ठेवाव्यात. मुंबईत कुर्ला आणि दिल्लीत काश्मिरी गेट येथे आधी चौकशी करावी.

धंतोलीकर

दोघांचाही मनापासून आभारी आहे. व्हिंटेज नोंदणीची अट माझ्या मुलालाही ठाऊक नव्हती. आता साध्या नोंदणीचे नूतनीकरण आणि मूळ इंजिन हे निश्चित केले. शक्य तेवढे काम मला स्वतः करायचे आहे. कमरेला वाकणे फार सोसत नाही, तेव्हा कोणती कामे हाती घ्यावीत आणि नागपूरच्या उन्हाळ्यासाठी, तसेच हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी काय करावे, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद : कामठी रोडवरून

दादासाहेब, टेबलावर बसून होणारी कामे आपण घ्यावीत : कार्बुरेटर, डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग), डायनॅमो, मीटर, वायरिंग आणि काचांचे यंत्र. जुन्या गाडीचा खरा आनंद याच कामांत आहे आणि गॅरेजमध्ये नेमकी तीच घाईने उरकली जातात. इंजिन उतरवणे, वेल्डिंग आणि रंग बाहेर सोपवावे. पीयू (पॉलियुरेथेन) रंगात मिसळायच्या हार्डनरमधील आयसोसायनेटचा फवारा श्वासात गेल्यास दम्याचा विकार जडू शकतो, त्यामुळे तो घराच्या आवारात मारू नये. जुन्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असते. ड्रमची धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. गाडीखाली जायचेच झाले, तर केवळ जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नये.

जाम इंजिनाला स्टार्टर लावू नये. प्लग काढून सिलिंडरांत गंज सोडवणारे तेल घालावे, काही दिवस मुरू द्यावे आणि मग क्रँकच्या नटावर पाना लावून पुढे-मागे हलकेच झोका द्यावा. सुटले तरी हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, खोलून पाहावेच. ब्लॉक बिडाचा व हेड अॅल्युमिनियमचे असल्याने पाण्याचे मार्ग बरेचदा कुजलेले असतात. व्हॉल्व्हच्या सीट वेगळ्या बसवलेल्या असल्याने शिसेविरहित पेट्रोलने त्या झिजतील, ही भीती बाळगू नये.

इथेनॉलचा प्रश्न मात्र खरा आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, तर २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५. म्हणजे कार्बुरेटरच्या जुन्या जेटवर (इंधन सोडणाऱ्या बारीक छिद्रावर) इंजिनाला इंधन कमी पडते, ते तापते आणि चढावर अडखळते. मुख्य जेट एका पायरीने मोठा घ्यावा आणि काही अंतर गाडी चालवून प्लगचा रंग पाहावा. पांढरट राहिला तर आणखी एक पायरी चढावी. जुन्या रबरी नळ्या आणि इंजिनावरच्या पेट्रोलच्या पंपाचा पडदा इथेनॉलला टिकत नाही, म्हणून ते इथेनॉलरोधक घ्यावेत. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. तेव्हा गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल, तर टाकी आणि कार्बुरेटर रिकामे करून ठेवावेत, नाहीतर स्वच्छ केलेल्या टाकीत पुन्हा गंज धरेल.

आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, त्या दिवसांत इंजिनाच्या उष्णतेने पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी सिग्नलवर बंद पडते. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर वळवावी, मध्ये पत्र्याचा आडोसा द्यावा आणि रेडिएटरचा गाभा नवा भरून घ्यावा. वातानुकूलनाचा नाद सोडावा, कारण सुमारे ४० अश्वशक्तीच्या इंजिनाला तो भार झेपत नाही.

सोयीच्या बदलांपैकी मला पटणारे तीन आहेत : हेडलाइटला रिले (दिव्याचा प्रवाह बटणावरून न नेता परस्पर देणारा स्विच), पुढच्या आसनांना मागून जाड पत्ती लावून घट्ट बसवलेले सुरक्षा पट्टे आणि पॉइंटऐवजी (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या जुन्या संपर्कांऐवजी) डिस्ट्रिब्युटरच्या आत मावणारे इलेक्ट्रॉनिक इग्निशन. हे तिन्ही उद्या काढून टाकता येतात. डिस्क ब्रेकची गरज नाही. चारही ड्रम खरडून गोल करून घेतले, सिलिंडर व नळ्या नव्या घातल्या आणि समायोजन नीट ठेवले, तर ताशी ६० किलोमीटरच्या वेगाला ते पुरेसे आहेत. मात्र ब्रेकचा मार्ग एकेरी आहे, एक नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून रबरी नळ्या वरवर चांगल्या दिसल्या तरी एकही जुनी ठेवू नये, आणि गाडी स्वतःच्या बळावर फाटकाबाहेर काढण्याआधी हे काम पुरे करून घ्यावे.