दहाव्याला कावळा शिवला आणि मला बरं वाटलं. मी स्वतःला फसवतोय का?

कृष्णाकाठचा
आई जाऊन दीड महिना झाला. कॉलेजात असल्यापासून मी देवधर्म मानत नाही. दहावा कराडला प्रीतिसंगमावर केला, तोही बाबांसाठी. पिंड ठेवले, कावळे झाडावरून नुसते बघत बसले. अर्धा तास गेला. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. मामा बोलला, मावशी बोलली. शेवटी मी म्हणालो, "आई, बाबांच्या गोळ्यांचं मी बघतो." कावळा उतरला. मी ढसाढसा रडलो आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा त्या रात्री सलग झोपलो. कावळ्याला भूक लागली असणार, एवढं मलाही कळतं. तरी बरं वाटलं, ते काय होतं?

तर्कटराव
घाटावरच्या कावळ्यांना रोज पिंड मिळतात, त्यांना कसली घाई? माणसं मागे सरकली की उतरतात. तुला रडू आलं ते तू तोंड उघडलंस म्हणून. हेच घरी आईच्या फोटोसमोर बोलला असतास तरी झोप लागली असती. दक्षिणा वाचली असती ती वेगळी.

मावळतीची
तर्कटराव, घरी फोटोसमोर कोण बोलतं हो? आपल्याकडच्या पुरुषांना तर चारचौघांत रडायला घाटच लागतो. 2021 मध्ये सासरे गेले. हॉस्पिटलातून परस्पर स्मशानात नेलं, आम्हाला तोंडही बघता आलं नाही. दहावा नाही, तेरावा नाही, भेटायला कोणी नाही, शेजारून पिठलं-भात नाही. नवरा अजून मधेच विचारतो, "अण्णा गेले ना गं नक्की?" मी स्वतः फार धार्मिक नाही. पण ते तेरा दिवस कशासाठी असतात ते मला तेव्हा कळलं.

बिनकावळ्याची
कावळा शिवला त्याच्या गोष्टी सगळे सांगतात. आमच्याकडे शिवला नाही. भाऊ 26 वर्षांचा, अपघातात गेला. दोन तास आईनं हात जोडून काय काय कबूल केलं! तुझी गाडी विकणार नाही, तुझ्या मैत्रिणीला सून मानेन (हे आम्हाला सगळ्यांना तिथेच कळलं). शेवटी दर्भाचा कावळा करून शिवला. आठ वर्षं झाली, आई अजून विचारते, त्याचं काय राहिलं असेल? मग कोणीतरी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळीचा विधी सुचवला. तीन दिवस, उसने पैसे. तिथून आल्यावर महिनाभर बरी होती, पुन्हा तेच. ज्या पिंडानं तुम्हाला झोप दिली त्यानंच माझ्या आईची घेतली. आता बोला.

टाळकुटे
ताई, वाचून गलबलून आलं. पण कावळा म्हणजे श्रद्धा नव्हे. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला. ते त्यांनी अभंगात उघड लिहिलंय आणि पुढे देवाला शिव्याही घातल्यात. ज्ञानेश्वरांनी 1296 मध्ये आळंदीला समाधी घेतली, त्यावरचे नामदेवांचे अभंग वाचा. एक हात देवानं धरलाय, एक निवृत्तिनाथांनी, असे ज्ञानदेव समाधीकडे चाललेत. आणि निवृत्तिनाथांचं दुःख तळ्याचा बांध फुटावा तसं वाहतंय. साक्षात विठ्ठल शेजारी उभा, तरी कोणाचं रडू थांबत नाही! श्रद्धेनं दुःख कमी होतं असं आमच्या परंपरेत मला तरी कुठे दिसलं नाही. रडताना सोबत असते, बस.

तर्कटराव
मग गाडगेबाबा? मुलगा गेल्याचा निरोप कीर्तनात आला आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही, असं सांगतात. श्राद्ध-पिंडावर त्यांच्याइतके कोरडे कोणी ओढले नसतील.

मावळतीची
ती गोष्ट मला कधीच पचली नाही. त्यांच्या बायको कुंताबाई त्या वेळी काय करत होत्या ते कोणी सांगत नाही.

बिनकावळ्याची
टाळकुटे, सोबत म्हणता ती आईला मिळाली, पण देवळात नाही. भावाची ती मैत्रीण दर दिवाळीला फराळ घेऊन येते. लग्न झालंय तिचं, तरी येते. ती आली की दोन दिवस आई त्या कावळ्याचं नाव काढत नाही.

कृष्णाकाठचा
ताई, तुमचं वाचल्यावर काल मावशीला विचारलं, आपल्याकडे शिवला नसता तर? ती म्हणाली, "गुरुजींनी दर्भ काढून ठेवलाच होता, तुला दिसला नाही." मला खरंच दिसला नव्हता. जरा हसू आलं, जरा राग आला. बाबांच्या गोळ्यांचा डबा दर रविवारी भरतोय. वर्षश्राद्धाचं ठरलेलं नाही.

तर्कटराव
बाबा म्हणतील तसं कर. कावळ्यांबद्दलचं मात्र मी मागे घेत नाही.