एकच गळा, चार नट: आमेन्दोलांनी इटलीच्या प्रेक्षकाचं भलं केलं की नुकसान?

आवाजवेडा:
फेर्रुच्चो आमेन्दोला (१९३०–२००१) हे इटलीतले फार मोठे डबिंग कलाकार, याबद्दल वादच नाही. पण रॉबर्ट डी नीरो, अल पचिनो, डस्टिन हॉफमन आणि स्टॅलोन, चौघांनाही वर्षानुवर्षं तोच गळा? ‘टॅक्सी ड्रायव्हर’चा ट्रॅव्हिस, ‘स्कारफेस’चा टोनी मोन्ताना आणि ‘टूट्सी’तला हॉफमन तिथल्या प्रेक्षकाने एकाच माणसाकडून ऐकले. नटाचं निम्मं काम आवाजात असतं. ते निम्मं इथे पुसलं गेलं.

लेज्जीओ:
साफ अमान्य. गळा एक होता, बोलण्याची ढब एक नव्हती. आधी काम कसं चालतं ते बघा. सिनेमाचे छोटे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्याला ‘अनेल्लो’ म्हणजे कडी म्हणतात. पूर्वी फिल्मची दोन्ही टोकं जोडून खरोखरच कडी करायचे आणि ती प्रोजेक्टरवर फिरत राहायची. कलाकार कागद ठेवायच्या स्टँडसमोर उभा, कानात मूळ संवाद, समोर पडदा. तुकडा पाहायचा, तालीम करायची, मग टेक. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात, त्यामुळे ते जागेवरून हलले तर क्लोजअपमध्ये लगेच खटकतं. क, ग, त थोडे सरकले तरी खपून जातात.

‘टॅक्सी ड्रायव्हर’मध्ये ट्रॅव्हिस आरशासमोर म्हणतो ते ‘यू टॉकिन टू मी?’ घ्या. इटालियनमध्ये ते ‘मा दीची आ मे?’ झालं. मूळ वाक्यात ओठ मिटतात ते शेवटच्या ‘मी’ला, इथेही शेवटी ‘मे’च येतं. शिवाय ‘दीची आ मे’ ही रोजच्या बोलण्यातली भाषा. शब्द रूपांतरकाराचे, पण त्यातली गुर्मी आमेन्दोलांची.

आवाजवेडा:
कसब मान्य आहे, पण मुद्दा वाटपाचा आहे. पहिल्या ‘रॉकी’त स्टॅलोनला इटालियन नट जीजी प्रोयेत्तींचा आवाज होता, दुसऱ्या भागापासून आमेन्दोलांचा. पात्र तेच, गळा बदलला. ‘हीट’मध्ये (१९९५) डी नीरो आणि पचिनो समोरासमोर आले. तिथे डी नीरो आमेन्दोलांकडे आणि पचिनो इटालियन नट जानकार्लो जान्नीनींकडे गेला. दोघांना दोन आवाज देता येत होते, तर ते आधीपासून का दिले नाहीत?

मोन्नेझा:
तुम्ही दोघं फक्त अमेरिकी नट धरून बसलात. इटालियन सिनेमातला नट टोमास मिलियन जन्माने क्यूबाचा. त्याचा पोलीस अधिकारी नीको जिराल्दी अस्सल रोमन वाटतो, कारण ती शिवराळ, खरखरीत रोमन बोली आमेन्दोलांची आहे. चेहरा एकाचा, जीभ दुसऱ्याची, आणि दोन्ही मिळून एक पात्र. इथे काय पुसलं गेलं, सांगा!

जान्नीनींचंही तेच. ‘पास्क्वालीनो सेत्तेबेल्लेत्से’साठी ऑस्करचं नामांकन मिळालेला हा नट ‘द शायनिंग’मध्ये जॅक निकोल्सनचा आवाज झाला. डबिंगला दुय्यम काम समजणारा माणूस हे करणार नाही.

आवाजवेडा:
मिलियनबाबत मागे हटतो. तिथे आवाजानेच पात्र उभं राहिलं. पचिनोबाबत नाही. त्याच्या आवाजातली ती फाटकी, अचानक उसळणारी पट्टी आमेन्दोलांच्या जाड, घोगऱ्या आवाजात सपाट होते.

लेज्जीओ:
मग ‘हीट’मधला कॉफीचा प्रसंग घ्या. कॅमेरा खांद्यावरून आहे, एका वेळी एकाचंच तोंड नीट दिसतं. पाठमोऱ्याच्या वाक्यांना ओठांचं बंधन नाही, तिथे डबिंग करणाऱ्याला मोकळीक मिळते. आधी मूळ ऐका, मग इटालियन, दोन्ही वेळा डोळे मिटून. आणि डी नीरोच्या वाक्यांपाशी थांबून सांगा, काय हरवलं ते.