मदत हवी आहे : इटालियन कूपे गरम झाली की बंद पडते (बडोदा)

दांडियाबाजारकर
नमस्कार मंडळी. हल्लीच जुनी इटालियन कूपे, म्हणजे दोन दारांची गाडी, घेतली. सकाळी चोक ओढला की पहिल्या हाकेला सुरू होते, मस्त पळते आणि दहा-पंधरा मिनिटांत गचके खात बंद. अर्धा तास उभी ठेवली की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. प्लग नवे, बॅटरी नवी, कार्ब्युरेटर उघडून साफ केलाय. एक मिस्त्री म्हणतो इंजिन उतरवा, दुसरा फोनच उचलत नाही. रविवारी मांजलपूरला सासुरवाडीला न्यायची आहे, लवकर सांगा.

पुणेरी_पाना
इटलीत एकच कूपे बनली असा समज आहे का? कुठली कंपनी, कुठलं मॉडेल, कुठलं साल? ज्योतिष सांगायला आम्ही बसलेलो नाही.

दांडियाबाजारकर
फियाट १२४ स्पोर्ट. १९६८ची, १४३८ सीसी. आता सांगा.

फियाटवेडा
अहो, सोनं आहे तुमच्याकडे! लाम्प्रेदींचं ट्विन कॅम इंजिन, म्हणजे झडपा उघडायला दोन कॅमशाफ्ट. फेरारीची इंजिनं करणारा माणूस फियाटमध्ये आला आणि कॅम फिरवायला साखळीऐवजी दातेरी रबरी पट्टा लावला. वर चारही चाकांना डिस्क ब्रेक, तेही त्या काळात! पट्टा कधी बदललाय? रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. आणि ऑइल पंपाचा शाफ्टही त्याच पट्ट्यावर फिरतो. पट्टा बदलल्याशिवाय किल्ली फिरवू नका.

दांडियाबाजारकर
पट्ट्याचं मी विचारलंच नाहीये. पट्टा खराब असता तर सकाळीही सुरू झाली नसती ना?

फियाटवेडा
तुटेपर्यंत सुरू होईलच. मग इथेच रडत याल.

एकशेअठरा_एनई
माझं ऐका, ही कटकट आयुष्यभर संपणार नाही. आपली प्रीमियर ११८ एनई म्हणजे १२४च, इंजिन तेवढं निस्सानचं, ए-१२. माझ्याकडे चालू हालतीत पडलंय. माउंटिंग बनवून घ्या, बसवा, विसरून जा. सुट्टे भाग कोपऱ्यावर मिळतात.

फियाटवेडा
९६ घोड्यांचं ट्विन कॅम काढून ११७१ सीसीचं जुन्या पद्धतीचं पुशरॉड? पैठणीला नायलॉनचा पदर लावा म्हणताय. आणि ११८ एनई सेडानवर बेतलेली होती, कूपेवर नाही.

एकशेअठरा_एनई
पैठणी कपाटात ठेवा मग. आमची गाडी रोज अलकापुरीला जाऊन येते.

नियमावली_काका
इंजिन बदलण्याआधी थांबा. २०२१च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते. नंबरात ‘व्हीए’ येतं. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नूतनीकरण ५,०००, मुदत १० वर्षं. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केले तर पात्रताच जाईल. दर्जीपुऱ्याच्या आरटीओत जाताना कागद नीट न्या. तुमची आरसी कोणाच्या नावावर आहे?

दांडियाबाजारकर
काका, आरसी माझ्याच नावावर आहे. गाडी बंद का पडते ते कोणी सांगणार आहे का?

इंदूरकर_मिलिंद
पेट्रोल बघा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं मिळतं. जुने रबरी पाइप, पंपाचा डायफ्रॅम, सगळं फुगतं किंवा चिरतं. शिवाय गरम इंजिनाजवळ पाइपातच पेट्रोलची वाफ होते. माझ्या प्रीमियर पद्मिनीला हेच झालं होतं. पाइप बदलून इंजिनापासून लांबून नेला, बस.

माकरपुरा_गॅरेज
इंदूरकर, असू शकतं, पण आधी तपासू द्या. दांडियाबाजारकर, गचके खाताना सायलेन्सरमधून फटाफट आवाज येतो का? आणि ऑगस्ट २०२४ला विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी शिरलं तेव्हा ही गाडी कुठे उभी होती?

दांडियाबाजारकर
आवाज येतो. ते महत्त्वाचं आहे का? गाडी कारेलीबागेत एका बंगल्याच्या आवारात होती. पाणी आलं होतं, पण सीटपर्यंत नव्हतं म्हणाले. आता कधीच वाळलीय, त्याचा काय संबंध?

पुणेरी_पाना
आणि हे आता सांगताय!

सूरसागरचा_राजा
डिकी उघडून बघितली ना? विश्वामित्रीतली मगर असायची एखादी.

माकरपुरा_गॅरेज
पाणी वाळतं, गाळ राहतो. आता एक करा. गाडी बंद पडली की लगेच, थंड व्हायच्या आत, एअर क्लीनर काढून अ‍ॅक्सिलरेटर हाताने ओढा. कार्ब्युरेटरच्या घशात पेट्रोलची धार दिसली तर पेट्रोल येतंय. मग टाकीचं झाकण उघडा. सूं करून हवा आत गेली तर टाकीची हवेची वाट बंद आहे. त्यानंतर एक प्लग काढून वायर लावा, बॉडीला टेकवा आणि सेल्फ मारायला सांगा. करंट, म्हणजे प्लगची ठिणगी, निळा, कडक येतो की पिवळट, ते बघा. मात्र प्लगची तपासणी पेट्रोलपासून दूर आणि एअर क्लीनर परत लावून करा.

इंदूरकर_मिलिंद
मी अजूनही पेट्रोलच म्हणतो.

दांडियाबाजारकर
करून आलो. धार येते. झाकणातून आवाज नाही. करंट पिवळट, मरतुकडा. प्लगला करंट वाटणारा डिस्ट्रिब्यूटर उघडला तर आतले पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) काळेनिळे जळलेले.

माकरपुरा_गॅरेज
कंडेन्सर, पॉइंटला जोडलेला छोटा डबा. थंड असताना चालतो, तापला की आतून गळतो; मग पॉइंटवर ठिणगी उडते आणि प्लगला काही उरत नाही. पद्मिनीचा घ्या, काम करेल. आत बसला नाही तर बाहेर लावा, अर्थ डिस्ट्रिब्यूटरच्या बॉडीलाच, जागा घासून. पॉइंट नवे आणि त्यांच्यातली गॅप फीलर गेजने (मापाच्या पत्र्याने), नजरेने नाही. कॉइलही हाताला चटका देण्याइतकी तापत असेल तर बदला.

फियाटवेडा
आणि पट्टा.

दांडियाबाजारकर
प्रतापनगरच्या दुकानात कंडेन्सर आणि पॉइंट दोन्ही मिळाले. समा ते मांजलपूर आणि परत, भर दुपारी, एकदाही गचका नाही. माकरपुरावाल्यांना सेवउसळ माझ्याकडून. पट्टा इटलीहून मागवतोय, आता तरी गप्प बसा. फक्त ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. टायरमध्ये हवा कमी असेल का?

माकरपुरा_गॅरेज
हवा बघा, पण मला गाळच वाटतो. थोडं चालवून, फार ब्रेक न मारता थांबा आणि पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात न्या. डावं तापलं असेल तर तिथला कॅलिपरचा, म्हणजे डिस्क पकडणाऱ्या भागाचा, पिस्टन अडकून राहिलाय. डावं ठीक आणि ब्रेक मारूनही उजवं गार राहत असेल तर उजवा धरतच नाहीये. तोवर हायवेवर नेऊ नका. ब्रेक ऑइल कुठल्या रंगाचं दिसतंय?