अनुभव धागा: बांधलेला बेस एडिटरने उचलून दुसरीकडे ठेवताना

कोल्हापुरात आणि आसपास सर्व्हायव्हल गेम खेळणाऱ्या सगळ्यांना हे आमंत्रण. रात्री जागून बांधलेला बेस, म्हणजे खेळातलं आपलं घर, न पाडता, सेव्ह फाईल (खेळ जिथं जतन होतो ती) एडिटर नावाच्या प्रोग्रामने उघडून दुसऱ्या जागी नेलाय का? कसा नेला, सोबत काय आलं, मागं काय राहिलं? "झालं की, सोपंय" एवढ्यावर थांबू नका. कुठला खेळ, कुठली फाईल, किती अंतर, ते लिहा. ज्याला उद्या हेच करायचंय त्याला तेच लागतं. एडिटर वापरणं चीटिंग की काय, हा वाद इथं नको. स्वतःच्या सेव्हचा मालक तुम्ही. सुरुवात मी करतो.

राजारामपुरी · नो मॅन्स स्काय

या खेळात बेस कॉम्प्युटर, म्हणजे जागा आपली करणारं यंत्र, पहिल्यांदा जिथं ठेवता तो बेसचा शून्य बिंदू. पुढं लावलेली प्रत्येक भिंत, दिवा, पायरी फाईलमध्ये त्या बिंदूपासून मोजलेली असते. प्रत्येक वस्तूला तीन गोष्टी असतात: जागा, वरची दिशा आणि तोंड कुठं ते. माझा कॉम्प्युटर बैठकीच्या बरोबर मधोमध आला होता आणि मला तिथं मोकळा चौक हवा होता.

खेळात बेस मोडून नवा मांडावा लागला असता. एडिटरमध्ये कॉम्प्युटर हलवायची सोय आहे, पण एक अट आहे. कॉम्प्युटर जिथं हवा तिथं आधी खेळातच सिग्नल बूस्टर नावाचं छोटं यंत्र ठेवायचं. एडिटर त्या दोघांची अदलाबदल करतो आणि बाकी सगळ्या वस्तूंचे आकडे नव्या बिंदूपासून मोजून लिहितो. डोळ्यांना एक वीटही हललेली दिसत नाही, आणि कॉम्प्युटर मात्र मागच्या खोलीत गेलेला असतो. मला हे फार आवडलं.

नंतर हिंमत वाढली. अख्ख्या बेसचा बॅकअप घेतला, दुसऱ्या ग्रहावर नवा कॉम्प्युटर लावला आणि बॅकअप तिथं उतरवला. घर आलं, जमीन आली नाही. निम्मा बेस टेकडीत, निम्मा हवेत. या खेळात हवेतला भाग पडत नाही, म्हणून खाली खांब लावून निभावलं. वीज मात्र गेली. 2019 च्या बियॉंड अपडेटपासून विद्युतचुंबकीय जनरेटर आणि खनिज काढणारी यंत्रं ठराविक हॉटस्पॉटवरच, म्हणजे जमिनीतल्या वीज किंवा खनिजाच्या जागांवरच चालतात, आणि तो हॉटस्पॉट जुन्या ग्रहावर राहिला. सौर पॅनेल आणि बॅटऱ्या लावल्या, तेव्हा दिवे लागले. हलवण्याआधी सर्व्हे यंत्राने नव्या जागेचे हॉटस्पॉट शोधून ठेवा, कॉम्प्युटर त्यांच्या जवळ लावा. माझ्या मते सगळ्या कामात हीच पायरी मोलाची.

कसबा बावडा · माइनक्राफ्ट, जावा आवृत्ती

मी आणि इचलकरंजीचा आतेभाऊ, दोघांची वेगवेगळी जगं. त्याने रंकाळ्याचा काठ आणि संध्यामठ बांधायला घेतलेला, माझ्याकडं वाडा आणि तालीम. दोन्ही एका जगात आणायचं ठरलं.

एमसीए सिलेक्टर या एडिटरमध्ये जगाचा नकाशा वरून दिसतो. हवे ते चंक, म्हणजे जगाचे चौकोनी तुकडे, निवडायचे, कॉपी करायचे, दुसऱ्या जगात ऑफसेट (किती सरकवायचं तो आकडा) देऊन पेस्ट करायचे. चंक 16 बाय 16 ब्लॉकचा, म्हणून सरकवणंही सोळाच्या पटीत. तीन ब्लॉक डावीकडं, असं होत नाही. हाताने फायली कॉपी करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, 1.17 पासून प्राणी आणि माणसं रीजनच्या (जमीन आणि ब्लॉक जिथं असतात त्या) फोल्डरात नसतात, त्यांचं एन्टिटीज नावाचं वेगळं फोल्डर आहे. ते विसरलं तर गोठा येतो, गाई येत नाहीत.

खरं काम पेस्ट केल्यानंतरचं. नेदर म्हणजे पोर्टल नावाच्या दारातून जायचं दुसरं जग, आणि तिथलं एक पाऊल म्हणजे वरच्या जगातली आठ. बेस 1600 ब्लॉक पूर्वेला गेला की नेदरमधलं पोर्टलही 200 ब्लॉक पूर्वेला हवं, नाहीतर दार उघडतं भलत्याच ठिकाणी. लोडस्टोन या दगडाला बांधलेलं होकायंत्र जुन्या आकड्यालाच धरून बसतं, ते नव्याने बांधून घ्यावं लागतं. पलंगावर परत एकदा झोपायचं, नाहीतर मेल्यावर जुन्या रिकाम्या माळावर उठाल.

आणि कडा! पेस्ट केलेला तुकडा सुरीने कापल्यासारखा सरळ दिसतो, एका बाजूला गवत, दुसऱ्या बाजूला उभी माती, तिच्यात अर्धी कापलेली गुहा. भाऊ म्हणाला, "दादा, इथं घाट करूया." त्या सगळ्या कड्याला पंचगंगेच्या घाटासारख्या दगडी पायऱ्या केल्या, पाण्यापर्यंत. अख्ख्या जगात आता तीच जागा बघण्यासारखी आहे.

प्रयाग चिखली · वरच्याला उत्तर

पोर्टलचं वाचून पटलं. आमच्याकडं पुराचं पाणी चढलं की माणसं आणि जनावरं सोनतळीला जातात. घर हलतं, वहिवाट जाग्यावरच राहते. खेळात वहिवाट परत जोडता येते हे चांगलं आहे.

एक विचारायचं होतं. क्लाउड सिंक (सेव्हची प्रत आपोआप ऑनलाइन ठेवणारी सोय) चालू ठेवून एडिट केलं तर चालतं का?

राजारामपुरी

ताई, आधी बंद करा. नाहीतर क्लाउडवरची जुनी फाईल तुमच्या नव्या फाईलवर येऊन बसू शकते. खेळही पूर्ण बंद हवा, नुसता मेनूत नको. नो मॅन्स स्कायमध्ये प्रत्येक स्लॉटच्या, म्हणजे सेव्हच्या खणाच्या, दोन फायली असतात, एक आपोआप झालेल्या सेव्हची, एक आपण केलेल्या सेव्हची. कुठली ताजी आहे ते तारीख-वेळ बघून मगच हात लावा.

गांधीनगर · व्हॅल्हाइम

वरच्या दोन्ही खेळांत हवेतलं घर टिकतं. व्हॅल्हाइममध्ये टिकत नाही. प्रत्येक तुळईला जमिनीपासून आधार लागतो. हातोडा धरून बघितलं की जमिनीला टेकलेला भाग निळा दिसतो, मग हिरवा, पिवळा, आणि लाल झाला की पुढं काही लावू नका.

म्हणून मी सरळ आकडे बदलायच्या भानगडीत पडलो नाही. ब्लूप्रिंट (घराचा आराखडा) घेणाऱ्या मॉडने, म्हणजे खेळाला जोडायच्या वरच्या प्रोग्रामने, घर टिपलं, नवी जागा कुदळीने आणि 'हो' (hoe) या जमीन सपाट करायच्या अवजाराने सपाट केली, मग उतरवलं. आधी मधले खांब, नंतर छप्पर. पेट्या ब्लूप्रिंटच्या भरवशावर सोडल्या नाहीत. माल आधीच काढला. तांबं, लोखंड साध्या लाकडी पोर्टलमधून जात नाही, ते जहाजातून नेलं. वारा पडल्यामुळं निम्मी वाट वल्ह्यांवर, आणि मला ती सफर घर उतरवण्यापेक्षा जास्त लक्षात आहे.

शाहूपुरी · चौघांचा सर्व्हर

आमच्यात एकाने न विचारता सगळ्यांचं कोठार डोंगरावर नेलं. चांगल्या मनाने, जागा खरंच सोयीची होती. पण दुसऱ्याने त्या कोठाराभोवती बाग केली होती, ती खाली राहिली आणि तो गडी चार दिवस आलाच नाही. आता नियम केलाय: हलवायच्या आदल्या रात्री ग्रुपवर सांगायचं, चौघांचा होकार आला की सर्व्हर बंद करायचा, सेव्हचं फोल्डर तारीख घालून पेनड्राइव्हवर घ्यायचं, मगच एडिटर उघडायचा. पावसाळ्यात तर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडं निघालं की मी हे काम काढतच नाही. फाईल लिहिली जात असताना वीज गेली तर ती अर्धवट राहते, आणि त्या दिवसांत आमच्या गल्लीत विजेचा भरवसा नसतो. बाग त्या गड्याने डोंगरावर परत लावलीय, या वेळी आम्ही तिघं माती वाहायला होतो.