एकच सर्व्हिस शंभरदा, की आलटून पालटून?

शटलवेडा, टिळकवाडी: पोरीला बॅडमिंटनच्या क्लासात आठवडाभर एकच काम, शॉर्ट सर्व्हिस. पन्नास झाल्या की आणखी पन्नास. शुक्रवारी शटल नेटच्या पट्टीला घासून जातंय, बघायला झकास. रविवारी मॅचमध्ये दोन नेटात, तिसरी उंच, त्यावर समोरच्या पोरीचा स्मॅश. माझं म्हणणं, शॉर्ट, लाँग, ड्राइव्ह पहिल्यापासून मिसळूनच मारायला लावा. १९८६ मध्ये गूड आणि मॅगिल या संशोधकांनी नवशिक्या मुलींना याच तीन सर्व्हिस तीन आठवडे शिकवल्या. नंतरच्या चाचणीत मिसळून सराव केलेला गट सरस निघाला, कोर्टाची बाजू बदलली तरी.

मातीतला, कंग्राळी: कुस्तीत ढाक मारताना कंबर आत गेली नाही तर समोरचा मागून धरून तुम्हालाच खाली बसवतो. आमच्यात महिनाभर एकच डाव, तोही जोडीदार गप उभा असताना. अंगात मुरला की मग लढत. नव्या पोराला ढाक, टांग, घिस्सा एकदम दिलात तर मान मोडून घेईल. तुमचा एक पॉइंट जातोय ओ, इथं मानेवर येतंय.

शटलवेडा: मानेचं कबूल. पण पैलवान, जत्रेच्या मैदानात गप कोण उभा राहतोय? एकच गोष्ट सलग केली की दुसऱ्या खेपेपासून डोकं सुट्टीवर जातंय. कधी काय मारायचं ते सुचणं, त्याचा सराव कधी करणार?

मातीतला: अंगाला येत असेल तेच सुचतंय.

खो-खोवाल्या बाई, खानापूर: दोघंही एकेकट्या पोराचं बोलताय. माझ्याकडे चाळीस पोरं, एक शिट्टी, आणि पावसात मैदान म्हणजे नुसता चिखल. खांबावरची डाइव्ह मी सुटी शिकवते, गादी घालून, पडायची भीती जाईपर्यंतच. साखळी, म्हणजे बसलेल्या पोरांमधून नागमोडी पळणं, सुटी शिकवताच येत नाही. मागे खरा पाठलाग नसेल तर ते नुसतं पळणं. अडचण वेगळीच आहे. मिसळून सराव घेतला की त्या दिवशी पोरं गचाळ खेळतात, आणि पालक नेमके तेव्हाच गेटावर.

शटलवेडा: बाई, नेमकं हेच. १९७९ च्या शिया-मॉर्गन प्रयोगात एकच एक करणारे सराव चालू असताना पुढे होते, दहा दिवसांनी मागे पडले.

मातीतला: कशात मागे? हातानं फळ्या पाडण्यात. मीपण वाचलंय.

शटलवेडा: बरं. काल मी घरीच डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, निघेल ती सर्व्हिस मारायची. विसातल्या अकरा नेटात. बायको म्हणते, हे खूळ बंद करा.

मातीतला: वहिनींचं ऐका.